ज्याला लागलं त्यानंच मारायचं

वाळूत फुटबॉल अनवाणी खेळतात, एवढं एक वाक्य गळी उतरवता उतरवता माझा घसा बसायची वेळ आली. समोर आमच्या पेठेतले आणि शेजारच्या पेठेतले गडी उभे होते. सगळे चाळिशी ओलांडलेले, बऱ्याच जणांची पोटं जर्सीच्या खालून डोकावत होती, आणि एकूण एकाच्या पायात कोरे करकरीत बूट.

"बूट काढा," मी म्हटलं.

"दोन्ही?" एकानं विचारलं.

"नको, एक राहू दे. लंगडी खेळू आपण."

"वहिनी, कालच घेतलेत ओ. आजच्या दिवस घालतो की."

"घरी जाऊन घाला. दुसऱ्याच्या पायावर पडलात तर बोटं मोडतील त्याची. आणि मला वहिनी म्हणायचं नाही. गळ्यात शिट्टी आहे तोवर मी रेफ्री."

"बरं, वहिनी."

मी कपाळावर हात मारला. मुलींच्या शाळेत मी पीटी शिकवते. तिथं शंभर पोरी एका शिट्टीत रांगेत येतात. हे बाप्ये मात्र रांग म्हटलं की पहिलं घोळक्यात जातात.

माझं माहेर मुरगूडचं. तिकडं मी खो-खो खेळत वाढले. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि फुटबॉल माझ्या ताटात येऊन पडला. म्हणजे खरोखर ताटातच. आमचे हे आणि ह्यांचे मित्र जेवायला बसायचे आणि ऑफसाइडवरून असे भांडायचे की भाकऱ्या गार व्हायच्या. मला तरी कळू दे एकदा काय तो नियम, म्हणून मी रागारागानं रेफ्रीचा कोर्स केला. केल्यावर कळलं की ह्यांच्यातल्या एकालाही ऑफसाइड धड माहीत नव्हता.

वाळूचं खूळ आलं ते गुडघ्यांमुळं. पेठेतल्या निम्म्या जुन्या खेळाडूंना डॉक्टरांनी सांगितलं होतं, मैदान बंद करा, आणि पडायचंच असेल तर मऊ जागेवर पडा. गावाबाहेर भाड्यानं मैदान देणाऱ्या एका टर्फवाल्यानं ते ऐकलं आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ट्रकनं वाळू आणून टाकली. समुद्र आमच्यापासून लांब, घाट उतरून खाली. पण कोल्हापूरकरानं मनात आणलं की त्याचं कुणावाचून अडत नाही, समुद्रावाचूनही नाही. टर्फवाल्यानं गेटवर भलामोठा फ्लेक्स लावला: "बीच सॉकरचे नियम व खेळाडूंची वर्तणूक". त्यावर शुभेच्छुकांचे फोटो एवढे होते की नियमांना तळाशी चार बोटं जागा उरली होती. वाचायचं तर वाकावं लागायचं, आणि वाकणं डॉक्टरांनी बंद केलेलं.

रेफ्री म्हणून माझं नाव दोन्हीकडनं आलं. पुरुष रेफ्री आणला की तो कुठल्या ना कुठल्या पेठेचा निघणारच. बाईमाणसाला पेठ नसते अशी ह्यांची समजूत. आमच्याच पेठेची सून मी, तरीही समोरच्यांनी होकार दिला. त्यांचा गोलकीपर म्हणाला म्हणे, "ती मास्तरीण? ती नवऱ्यालाबी सोडत न्हाय. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतंय आम्हाला." ही माझी अब्रू.

आता खरी गोष्ट सांगते, ती माझ्या सासूबाईंची. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो.

आमचे हे शाहूपुरीत मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहेत. पोरवयापासून पेठेच्या टीममध्ये. पण टीममध्ये म्हणजे बाकावर. बदली खेळाडू. कुणी लंगडला की हे उठून दंड-बैठका मारायचे, तोवर लंगडणारा परत पळायला लागलेला असायचा. कधी उतरलेच तर शेवटची शिट्टी व्हायला आलेली असायची. उभ्या आयुष्यात ह्यांनी एक गोल मारला नाही. पहिल्याच वर्षी बाकावर बसून घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले, तेव्हा आत्तींनी अंबाबाईला सांगितलं, "माझ्या लेकाचा एक गोल ह्या डोळ्यांनी बघीपतूर पांढरा रस्सा तोंडाला लावणार न्हाय."

त्यांना वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

तांबडा चालायचा. देवीशी बोलताना त्यांनी तेवढी सोय ठेवली होती. पण आमच्या घरात बुधवारी आणि रविवारी पांढरा रस्सा झालाच पाहिजे, तो आत्तींनीच केला पाहिजे, आणि त्यांनी तो चाखायचा नाही. आता चव न बघता मीठ कसं कळणार? कधी अळणी, कधी जिभेला भोकं पडतील असा खारट. आणि घरातली सगळी माणसं, सासरे होते तोवर तेसुद्धा, खाली मान घालून "झकास झालाय" म्हणायची. म्हातारीनं लेकासाठी सोडलंय, तिला काय बोलायचं?

मी नवी नवरी. पहिला रविवार. वाटी तोंडाला लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. सगळे म्हणतायत, झकास, झकास. माझा मुळातच स्वभाव नडतो. मी म्हटलं, "आत्ती, मीठ जास्त झालंय."

ह्यांनी मला खालून पाय मारला. आत्ती माझ्याकडं वळून म्हणाल्या, "किती?"

"दोन पातेल्यांचं मीठ एका पातेल्यात पडलंय."

त्या उठल्या आणि पातेलं आत घेऊन गेल्या. मला वाटलं, आटोपलं, आता माहेरची गाडी. पण पुढच्या बुधवारी स्वयंपाकघरातनं हाक आली, "ए पोरी, मीठ बघ." तळहातावर पळीनं चार थेंब. तेव्हापासून ते काम माझं. घरात दुसऱ्या कुणाच्या जिभेवर त्यांनी परत विश्वास ठेवला नाही.

मॅचच्या सकाळीही त्यांनी मला तशीच हाक मारली. दोन्ही टीमचं जेवण आमच्याकडं होतं, चुलीवर हे मोठं पातेलं. मी मीठ बघितलं, बरोबर आहे म्हटलं. आत्ती पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"वाळूत म्हणे बदली कितीबी येळा करता येती?"

"हो आत्ती. खेळ न थांबवता. सगळ्यांना उतरायला मिळतं."

"म्हंजे आज तो उतरणार."

"उतरणार."

"आणि शिट्टी तुझ्याकडं हाय."

मला काय ते कळलं आणि माझं डोकं फिरलं. "आत्ती, हे मागू नका मला."

"मागतंय कोण? सांगतीय नुसतं. माझं आता वय झालं, गुडघं गेलं, एक डोळा गेला. तेवढं ध्यानात असू दे." आणि त्या कोथिंबीर चिरायला बसल्या. मी तडतडत स्कूटरला किक मारली. एवढा राग आला होता की सांगायची सोय नाही, आणि तो कुणाचा आला होता तेही कळत नव्हतं.

ग्राउंडवर पोचले तर वाळू पिवळीधमक. टर्फवाला डोक्याला हात लावून कट्ट्यावर बसलेला. झालं होतं असं की, त्यानं आदल्या दिवशी आमच्या तालमीच्या वस्तादांना फोन करून सांगितलं, "वाळू जरा तयार करून ठेवा." त्याला म्हणायचं होतं, फळी फिरवून सपाट करा. वस्तादांनी उभा जन्म कुस्तीच्या हौद्यात काढलेला. तयार करायची म्हणजे काय, हे त्यांना टर्फवाल्यानं शिकवायचं? त्यांनी चार पोती हळद, ताकाचे कॅन, लिंबं आणि तेलाचे डबे आणले, नारळ फोडला, आणि पठ्ठ्यांकडनं अख्खा प्लॉट मळून घेतला. हौद्यातली लाल माती अशीच मळतात. माती लोण्यासारखी होते. वाळू काय होते ते आम्ही त्या दिवशी बघितलं. कुठं ढेकळं, कुठं निसरडं, आणि सगळीकडं ताकाचा आंबूस वास.

"वस्ताद, अहो हे बीच आहे," मी म्हटलं.

"असू दे की. आता जखम झाली तरी पिकणार न्हाय," वस्ताद म्हणाले.

पुढचा नियम दागिन्यांचा. अंगावर काही घालून खेळायचं नाही, स्वतःला लागतं आणि दुसऱ्यालाही. आता आमच्याकडच्या गड्याच्या गळ्यात चैन, हातात कडं, बोटात ग्रहांप्रमाणं अंगठ्या. बूट सोडले, पण सोनं सोडायला कुणी तयार होईना. शेवटी ठेवायचं कुणाकडं, यावर दोन्ही पेठांचं एकाच माणसावर एकमत झालं. आत्ती रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पातेल्याशेजारी बसल्या होत्या. दोन्हीकडच्या गड्यांनी ओळीनं येऊन त्यांच्या पदरात चैनी टाकल्या. आत्तींनी पदराची गाठ मारली.

मग मी नियम वाचून दाखवले. वाळू कुणाच्या तोंडावर उडवायची नाही. रेफ्रीशी हुज्जत घालायची नाही. फाऊल झाला तर फ्री किक, समोर भिंत लावायची नाही, आणि ज्याला लागलं त्यानंच मारायचं. त्याला खेळताच येत नसेल एवढं लागलं असेल तरच दुसऱ्यानं. मारणाऱ्यानं एकदा मारला की दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय त्यानं परत बॉलला पाय लावायचा नाही. मी हे सांगत होते तेव्हा कुणीतरी हलगी तापवत होतं आणि बाकीचे पातेल्याकडं बघत होते. "कळलं का?" म्हटल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय!" म्हणजे कुणालाही कळलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. पाचच मिनिटांत सगळ्यांचे पाय हळदीनं माखले, बॉल हळकुंडासारखा झाला आणि पांढरे गोलपोस्ट तेवढे कोरे राहिले. हे उतरले ते जरा वेळानं. पहिल्याच झटापटीत ह्यांचा शर्ट कुणीतरी ओढला असं ह्यांना वाटलं, आणि हे माझ्याकडं वळून ओरडले, "अगं ए, फाऊल की! दिसत न्हाय व्हय?"

मी पिवळं कार्ड काढलं.

"कशाबद्दल?"

"हुज्जतीबद्दल. आणि 'अगं ए' बद्दल."

हलगीवाल्यानं एक तोडा वाजवला. हे तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघाले आणि चुकून समोरच्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी ओरडले, "अहो, तिकडं कुठं!" झालं. सगळं ग्राउंड खो खो हसायला लागलं. तिथून पुढं कुणीही चुकला की दोन्ही पेठा मिळून "अहो!" म्हणून हाक मारायच्या.

तिसरा, म्हणजे शेवटचा डाव संपत आला तरी बरोबरी होती. हे पुन्हा उतरलेले. बॉल घेऊन गोलकडं निघाले आणि समोरच्यांच्या एका दांडग्या गड्यानं मागनं कंबरेला मिठीच मारली. दोघंही आडवे. फाऊल, दुमत नाही. मी शिट्टी मारली.

आमच्या कॅप्टननं सवयीनं बॉल उचलला आणि जागेवर ठेवला. पेठेची प्रत्येक फ्री किक पोरवयापासून त्यानंच मारलेली.

"सोडा तो," मी म्हटलं. "ज्याला लागलं त्यानंच मारायचं."

"ह्यो?" कॅप्टननं आमच्या ह्यांच्याकडं असं बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वहिनी, बरोबरी हाय. शेवटची मिनिटं. मस्करी करू नका."

"नियम आहे."

तेवढ्यात हे वाळूत लोळायला लागले. "आई गं! गुडघा गेला. तूच मार, कॅप्टन. मला उठाय येत न्हाय."

मी जवळ गेले. "कुठला गुडघा?"

"उजवा."

"धरलाय डावा."

ह्यांनी घाईनं हात बदलला. मग माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मला न्हाय जमायचं. चुकलं तर? आई बसलीय तिथं."

एवढी वर्षं बाकावर बसून माणूस बाकालाच घर समजायला लागतो. त्या क्षणी मला हे फार आवडले आणि ह्यांची फार चीडही आली. पण गळ्यात शिट्टी होती.

"बारा नंबर, काही लागलेलं नाही. उठा. शिट्टी झाली की मारायचं."

हे उठले. वाळूचा छोटा उंचवटा केला, बॉल त्यावर ठेवला. हलगी थांबली. आत्ती खुर्चीवरनं उठून पातेल्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. मी शिट्टी वाजवली.

ह्यांनी डोळे मिटून लाथ घातली. बॉल सणसणीत गेला. कीपर झेप घ्यायला वळला, वस्तादांच्या तेलावर त्याचा पाय सटकला आणि तो दाणकन पडला. बॉल त्याच्यापासून हातभर लांबनं जाऊन पोस्टवर आदळला. कोऱ्या पांढऱ्या खांबावर हळदीचा गोल शिक्का उमटला. बॉल परत फिरला आणि सरळ ह्यांच्याच पायात आला. समोर मोकळा गोल. ह्यांनी हलकेच आत ढकलला.

काय सांगू! हलगी कडाडली. कॅप्टननं ह्यांना खांद्यावर घेतलं. हे लहान पोरासारखे ओरडत होते, "आई! आई, बघितलंस?" आणि आत्तींनी पांढऱ्या रश्श्याची वाटी भरली होती. ती त्यांच्या हनुवटीपर्यंत आली होती.

मी शिट्टी मारली. हलगीत ती कुणाला ऐकू गेली नाही. एखाद्याला वाटलं असतं, जाऊ दे, नाहीच ऐकू गेली. मलाही वाटलं. खोटं का बोलू, फार वाटलं. मी परत मारली, छातीत होतं तेवढं सगळं घालून.

"गोल नाही!"

सगळं थांबलं. आत्तींची वाटी ओठांशी थांबली.

"एकाच माणसाचे दोन स्पर्श झाले. पोस्टला लागून आला, मध्ये कुणाला लागला नाही. गोल रद्द. फ्री किक समोरच्यांना."

आणि मग जाळ आणि धूर संगटच. आमची अख्खी पेठ माझ्या अंगावर धावली. "घरचीच उलटली की ओ!" "कीपरला लागलाय!" कॅप्टन कीपरला गदागदा हलवत होता, "सांग की, लागला न्हवं तुला?" कीपर कंबर धरून कण्हत होता. "मर्दा, मला बॉल दिसलाबी न्हाय. मला आभाळ दिसलं." कुणी म्हणालं रेफ्री बदला, कुणी म्हणालं मॅच मोडा. मी शिट्टी घट्ट धरून उभी राहिले.

तेवढ्यात आत्तींचा आवाज आला. त्या आवाजापुढं माझा काहीच नाही.

"शिट्टी ऐकू आली न्हाय व्हय रं?"

सगळे वळले. आत्तींनी वाटीतला रस्सा सावकाश पातेल्यात परत ओतला. एक थेंब सांडू दिला नाही. मग पदराची गाठ उचलून दाखवली.

"ती न्हाय म्हणाली, म्हंजे न्हाय. ज्याला शिट्टी मान्य न्हाय, त्यानं चैन मागाय माझ्याकडं येऊ नये."

दोन्ही पेठा जागच्या जागी गार पडल्या. एकेकानं मागं सरकून आपली जागा धरली. हे वाळूत बसले होते. उठले, अंग झटकलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "रेफ्री, बरोबर हाय तुमचं. मला आठवत होतं नियमाचं. पाय ऐकला न्हाय." आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांनी मला "तुमचं" म्हटलं ते तेवढंच.

त्या फ्री किकवर समोरच्यांनी लांबनंच गोल मारला आणि आम्ही हरलो. जेवणं झाली. आत्तींनी सगळ्यांना स्वतः वाढलं, ज्याची त्याची चैन ज्याला त्याला दिली, आणि आपण तांबड्यावर भाकरी कुस्करून खाल्ली. आत्ती माझ्याशी बोलल्या नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. मी शाळेत जायचे, यायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारात उगीच घुटमळायचे. बरोबर वागून एवढं वाईट वाटतं हे मला कुणी कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

बुधवारी चुलीवर पातेलं चढलं. खोबऱ्याच्या दुधाचा वास घरभर झाला. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसले होते, एक ओळ वाचत नव्हते. मीठ बघायला आता कुणाला बोलावतील? ह्यांना? हे तर झकास म्हणतील.

"ए रेफ्री!"

मी धावतच आत गेले. आत्ती पळी घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मीठ बघ."

तळहातावर चार थेंब. मी चाखलं.

"जास्त झालंय, आत्ती."

"किती?"

"बरंच."

त्यांनी मान हलवली आणि तांब्यातनं गरम पाणी ओतलं. ढवळता ढवळता म्हणाल्या, "त्याला सांग, येत्या रविवारच्या मॅचला जरा खांबाच्या आतनं मार म्हणावं. मी काय जन्माला पुरणार न्हाय." आणि पळी परत माझ्यापुढं केली.

मीठ अजूनही जास्तच होतं. मी तसं सांगितलं.